मंगळवारचा पंजा

१

दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता नरसिंग धरणाच्या तळाशी लोखंडी पंजा सोडायचा. मत्स्यखात्यात त्याचं एवढंच काम होतं, आणि सहा वर्षं ते तो इमानेइतबारे करत आला होता. पंजा म्हणजे दोन जबडे. ते उघडे करून दोरीने खाली सोडायचे. गाळात रुतले की त्याच दोरीवरून एक पितळी वजन घसरवायचं. सर्रर्र करत वजन खाली जायचं, खटक्यावर आपटायचं, टण्, आणि जबडे मिटायचे. मग दोन ओंजळी गाळ तोंडात धरून पंजा वर यायचा.

तो गाळ चाळणीत धुवायचा, राहिलेले जीव तामचिनीच्या पांढऱ्या परातीत घ्यायचे आणि मोजायचे. लाल अळ्या, दोऱ्यासारखे किडे, गोगलगायी, शिंपले. तळाला खाणं किती आहे ते बघून वर मासे किती सोडायचे ते बिदरचे किशनराव साहेब ठरवत. धरणात पाच जागा नेमलेल्या होत्या, एका सरळ रेषेत. पाचवी जागा अगदी काठाजवळ, धुळाप्पाच्या झोपडीसमोर.

धुळाप्पा नावाडी. जातीचा धनगर, पण जुनं गाव पाण्याखाली गेल्यावर रानं आटली, मेंढरं त्रेचाळीस उरली, आणि पोटासाठी त्याने वल्हं धरलं. त्याची बायको म्हाळसा काठावर मेंढरं राखायची आणि होडी परतली की नरसिंगला घरच्याच पितळी पेल्यात ताक द्यायची. नरसिंगच्या बापाला या माणसांच्या घरात कुणी पाण्याचं भांडं दिलं नव्हतं. नरसिंग ते ताक नेहमी सावकाश प्यायचा.

खात्याचा नियम असा की परातीतले जीव फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायचे. नरसिंगने तो नियम एकदाही पाळला नाही. त्याच्या आईने, कोंडाबाईने, छप्पन साली दीक्षा घेतली आणि पंचशीलातलं पहिलं शील पोराच्या अंगात भिनवलं होतं. जीव घ्यायचा नाही, मग तो नखाएवढा का असेना. म्हणून नरसिंग जीव जिवंतच मोजायचा, होते तिथेच परत सोडायचा, आणि साहेबांना संशय नको म्हणून महिन्याला थोडं फॉर्मालिन बाभळीच्या बुंध्यात ओतायचा.

"किड्यालाबी देव मानायलास व्हय रे?" धुळाप्पा चिडवायचा.

"देव न्हाई अण्णा. जीव."

"जत्रंत माझ्या हातचं मटण चालतंय की तुला!"

नरसिंग मान खाली घालून मोजायला लागायचा.

एक गोष्ट मात्र त्याला डाचायची. जबडे मिटताना त्यांच्या कडेला जे सापडत ते मधोमध कापले जात. अर्धी अळी, अर्धी गोगलगाय. दर खेपेला पाच-सहा तरी. नरसिंग ते अर्धेही पाण्यात सोडायचा आणि प्रत्येकाला तेच म्हणायचा, "कडेला होता बिचारा."

२

चौऱ्याऐंशीच्या माघात कापलेले जीव यायचे बंद झाले.

एका मंगळवारी एकही नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. नरसिंगला बरंच वाटलं. त्याने जबड्यांच्या धारा तपासल्या. कोंबडीचं पीस कापलं जाईल इतक्या त्या तेज होत्या. मग जीव वाचतात कसे? त्याने एकदा पंजा न झटकता वर घेतला आणि वरूनच आत डोकावून पाहिलं. सगळे जीव गाळाच्या मधोमध गोळा होऊन बसले होते. कडेचा बोटभर गाळ नुसता रिकामा.

"थंडीनं गोळा झाले असतील," तो धुळाप्पाला म्हणाला.

"वरून काय येतंय ते त्यास्नी कळलंय आता," धुळाप्पा हसत म्हणाला.

पुढच्या खेपेला परातीत दुसरी गोष्ट दिसली. नरसिंगची मोजायची रीत ठरलेली होती. कोंबडीच्या पिसाने दहा-दहाचे पुंजके करायचे आणि उरलेले परातीच्या कोपऱ्यात सारायचे. त्या दिवशी त्याने गाळ धुतला, जीव परातीत ओतले आणि पीस शोधायला पिशवीत हात घातला. वळून पाहिलं तर अळ्या वळवळत सरकत होत्या. पाहता पाहता एक पुंजका झाला, मग दुसरा, मग तिसरा. उरलेल्या चार परातीच्या कोपऱ्यात जाऊन थांबल्या. त्याने एकेक पुंजका मोजला. दहा, दहा, दहा.

परात कललेली असेल, ऊन एका बाजूने पडत असेल, नाहीतर परातीला जुन्या पुंजक्यांचा वास राहिला असेल, अशी कारणं त्याने मनाशी लावून पाहिली. परात राखेने घासली, सावलीत धरली, उलटसुलट फिरवली. अळ्या पुन्हा दहा-दहा झाल्या. मग त्याला वाटलं, आपण परत सोडतो तेच जीव पुन्हा येत असावेत, सहा वर्षं मोजून मोजून त्यांना सवय लागली असावी. हे कारण त्याला पटलं, कारण दुसरं कुठलं हाताशी नव्हतं.

"खूण कर की मग," धुळाप्पा म्हणाला. "मेंढराच्या कानाला आमी करताव तशी. दोन काप, शेजारी शेजारी. आमच्या घराची खूण हाय ती, आज्जापासून. दुसरं कुणी करत न्हाई."

नरसिंगने कानशीने पंचवीस गोगलगायींच्या शंखाला दोन दोन काप दिले आणि पहिल्या जागेवर सोडल्या. पुढच्या मंगळवारी त्यातल्या नऊ पाचव्या जागेवर सापडल्या. दोन मैलांचं अंतर त्या एका आठवड्यात चालून आल्या होत्या. धुळाप्पाला हे त्याने सांगितलं नाही. उगीच होडीतला माणूस घाबरायचा.

३

पुढच्या मंगळवारी होडी काठाला लागली तेव्हा मेंढरं चरत नव्हती. उभी होती.

धुळाप्पाने वल्हं टाकलं आणि डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दहा मेंढरं तोंडं आत करून एका ठिकाणी. चार हात सोडून आणखी दहा. असे चार पुंजके आणि तीन मेंढरं बाजूला. सगळी माळाच्या मधोमध होती. कुंपणाच्या कडेला गवत हिरवंगार असून एकही तिकडे फिरकलं नव्हतं. नरसिंगने ती मनातल्या मनात पुन्हा मोजली.

"कधीपसनं अशी उभी हायती गं?" धुळाप्पाने विचारलं.

"मघापसनं," म्हाळसा म्हणाली. "हाकलली तरी हलंना झालीत. आन् कान बघा त्येंचे."

प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला दोन ताजे काप होते. रक्त गळ्यापर्यंत ओघळून वाळलं होतं. धुळाप्पाची जुनी खूण उजव्या कानाला होती. त्रेचाळीस मेंढरांचे डावे कान एका सकाळीत कापले गेले होते, आणि म्हाळसा तिथून हललीही नव्हती.

आता धुळाप्पाच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने भूतबाधा म्हटली असती. पण ही खूण त्याच्या घराची, आणि त्या घरात तो सोडून एकच माणूस उरला होता. त्याचा धाकटा भाऊ लिंगाप्पा. जुनं गाव बुडताना वाटणीवरून दोघांचं फाटलं होतं. धुळाप्पाने कुऱ्हाडीचा दांडा काढून हातात घेतला आणि ओढ्यापलीकडे निघाला. नरसिंग मागून धावला.

"अण्णा, थांबा! त्येनं न्हाई केलं!"

"मग कुणी केलं? तू सांगतूस?"

नरसिंग काय सांगणार होता? अळ्यांचं?

लिंगाप्पा खाटेवर बसून भाकरी खात होता. पहिला दांडा त्याच्या तोंडावर बसला आणि भाकरीत दात पडले. तो हात वर करून "दादा, दादा" म्हणत राहिला, तर दुसऱ्या दांड्याने तो हात कोपरातून उलटा वळला. त्याची बायको शिवम्मा मधे पडली, तिलाही लागला. नरसिंगने धुळाप्पाला कंबरेत मिठी घातली तेव्हा लिंगाप्पा जमिनीवर पडून तोंडातलं रक्त गिळत होता आणि भावाकडे नुसता बघत होता.

"मी मेंढराला हात लावला न्हाई रे," तो म्हणाला. "खंडोबाची आण."

परतताना धुळाप्पा ओढ्यात बसला आणि दांडा धूत राहिला. धुऊन झाला तरी धूतच राहिला.

४

नरसिंगने त्या आठवड्यात किशनराव साहेबांना गाठलं. साहेब ऐकून हसले.

"नरसिंग, ऊट आयता?" जेवण झालं का, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीवर आले. "जेवून घे आणि घरी जाऊन झोप. अळ्यांना गणित येत असतं तर त्यांनाच नोकरीवर घेतलं असतं मी."

मंगळवारी सकाळी नरसिंग काठावर आला तेव्हा म्हाळसा लांबूनच किंचाळत होती. माळावर खड्डा पडला होता. आठ बैलगाड्या मावतील एवढा, आणि ओला. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. दोन्ही बाजूंनी उतरत येऊन तो मधे एका रेषेत मिळाला होता. चैत्राच्या उन्हात चारी बाजूंची माती फुटलेली, आणि खड्ड्यात नुसता चिखल.

खड्ड्यात मेंढरं उभी होती, दहा-दहाच्या पुंजक्यात. वर्षाची धूळ आणि लेंड्या चिकटलेली त्यांची लोकर कापसागत पांढरी झाली होती. एका चाळणीतून काढून धुतल्यासारखी. ती ओरडत नव्हती, नुसती थरथरत होती. आणि खड्ड्याच्या कडेला तीन मेंढरं अर्धी पडली होती.

अर्धी म्हणजे अर्धीच. एकाची मागची बाजू होती, पुढची नव्हती. दुसरं लांबीत कापलं होतं, बरगड्या मोजता येत होत्या. तिसरं अजून पुढचे दोन पाय हलवत होतं. धुळाप्पाने सुरा काढून त्याची मान कापली आणि तिथेच खाली बसला.

नरसिंगने खड्ड्याच्या कडेने पावलं टाकली. मग झोपडीत ठेवलेला पंजा आणून ओल्या मातीवर दाबला, मिटला आणि उचलला. वितीएवढा खड्डा पडला. सरळ कडा, दोन्हीकडून उतार, मधे रेष. त्याने लहान खड्ड्याकडे पाहिलं, मग मोठ्याकडे. मग तो धुळाप्पापाशी आला.

"अण्णा," तो म्हणाला, "पुढच्या मंगळवारच्या आत हितून उठा. अक्काला घेऊन माझ्या घरी चला मेहकरला. तुमच्या हाता-पाया पडतो, पण चला."

"कामून?"

"आपुन वरून पंजा सोडताव ना खाली? तसंच कुणीतरी..." तो वर बघायलाही भीत होता. आभाळ नेहमीसारखं होतं, निळं आणि रिकामं.

धुळाप्पा उठला. "एकदा सरकारनं उठवलं," तो म्हणाला. "घर बुडलं, देव बुडला, बापाची समाधी बुडली. भावाचा हात मोडला मी. आता तू उठवायलास व्हय?"

"अण्णा, ऐका माझं..."

धुळाप्पाने त्याच्या छातीवर दोन्ही हात मारले. नरसिंग उताणा चिखलात पडला, त्या ओल्या खड्ड्यात, मेंढरांच्या पायाशी. मेंढरं जराशी सरकली, एक पुंजक्यातून बाजूला झालं, आणि बाकीची त्याला मधे घेऊन पुन्हा उभी राहिली. तो धडपडत बाहेर आला. नऊ मेंढरं आणि तो, दहावा. हे त्याला घरी गेल्यावर आठवलं, आणि त्या रात्री त्याने बायकोला, शोभाबाईला, दिवा मालवू दिला नाही.

५

पुढच्या मंगळवारी त्याने पंजा सोडायचा नाही असं ठरवलं. कदाचित आपण थांबलो की तेही थांबेल. झोपडीतून उचलून आणलेला पंजा घरी कुलूप लावून ठेवला आणि सायकलवर धरणाकडे निघाला. गरज पडली तर धुळाप्पाला मारून, बांधून आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

तो बांधावर पोचला तेव्हा नऊ वाजायला आले असतील. समोर खाली झोपडी दिसत होती. म्हाळसा दाराबाहेर कुडाच्या कडेला बसून भाकऱ्या थापत होती, धुराची रेघ सरळ वर चालली होती. धुळाप्पा आत असावा. नरसिंगने हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आवाज आला. सर्रर्र.

हा आवाज त्याने सहा वर्षं होडीत बसून ऐकला होता. पण तो नेहमी त्याच्यापासून दूर, खाली जायचा. आता तो वरून येत होता, जवळ जवळ येत होता, आणि संपतच नव्हता. नरसिंगने मान वर केली. धुराच्या रेघेशेजारी दुसरी एक रेघ उभी होती. ताठ, ओली, मनगटाएवढी किंवा झाडाएवढी, किती लांब आहे ते कळेना म्हणून किती जाड तेही कळेना. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. ती कुठून सुरू होते हे पाहायला त्याने डोळे आणखी वर नेले, आणि मग गच्च मिटून घेतले.

टण्.

जमीन हादरली. सायकल आडवी झाली. म्हाळसाची किंकाळी आली, पण ती अर्ध्यातच तुटली. नरसिंगने डोळे उघडले तेव्हा झोपडी नव्हती. झोपडीच्या जागी खड्डा होता, सरळ कडांचा. भाकऱ्यांची परात कडेवर अर्धी कापून पडली होती, आणि परातीशेजारी म्हाळसा. म्हणजे तिचा उजवा खांदा, हात आणि पीठ लागलेली बोटं. बोटं मिटत होती, उघडत होती, मग राहिली.

तो तिथून हलला नाही. पळून जावंसं वाटलं, पण धुळाप्पाला टाकून जायचं मनाला पटेना. लोकांना हाक मारायचंही सुचलं नाही. ऊन डोक्यावर आलं. माशा आल्या. त्याने स्वतःचा सदरा काढून म्हाळसावर घातला आणि शेजारी बसून लहान पोरासारखा रडला. या बाईने त्याला सहा वर्षं ताक दिलं होतं.

बाराच्या सुमारास त्याला डुलकी लागली की काय, त्याला कळलं नाही. डोळे उघडले तर खड्ड्याच्या मधोमध धुळाप्पा बसला होता. उघडा, ओला. साठ वर्षांच्या उन्हाची राप अंगावरून गेली होती, कातडी नवजात पोरासारखी गुलाबी. डाव्या कानाला दोन काप होते.

"अण्णा..."

धुळाप्पाने त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं असावं.

"मोजलं," तो म्हणाला. "मोजलं आन् होतं तिथंच ठेवलं. लई जपून धरत्यात रे. तुझ्यावानीच." मग त्याची नजर कडेवरच्या सदऱ्याकडे गेली. आवाज अगदी शांत होता. "म्हाळसा कडेला होती बिचारी."

६

वाघाने ओढलं असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. त्या मुलखात वाघ कुणी पाहिला नव्हता, पण लिहायला काहीतरी हवं होतं. धुळाप्पाला लिंगाप्पाने मोडक्या हाताने आपल्या घरी नेलं. तिथे तो दिवसभर अंगणाच्या मधोमध बसून राहतो असं ऐकू आलं.

नरसिंगने नोकरीवर जाणं सोडलं. पंजा त्याने दगडाने ठेचला आणि विहिरीत टाकला. मेहकर धरणापासून कोसभर, म्हणून शनिवारीच शोभाबाईला आणि आठ वर्षांच्या चांगुणाला घेऊन तो सासुरवाडीला, कमठाण्याला आला. तिथे धरण नाही, मेंढरं नाहीत, त्याने कधी कुठला जीव मोजला नाही. रविवारी तो पोटभर जेवला. सोमवारी हसलासुद्धा.

मंगळवारी सकाळी तो ओसरीवर दात घासत होता. गल्लीत पोरी खेळत होत्या, त्यांचा कलकलाट चालला होता. तो एकाएकी थांबला. नरसिंगने वळून पाहिलं. गल्लीच्या मधोमध, भिंतींपासून दूर, पोरी तोंडं आत करून उभ्या होत्या. चांगुणा त्यांच्यात होती. त्याने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण सहा वर्षांची सवय. दहा.

"चांगुणे, कुणी उभं केलं गं तुमाला असं?"

"कुणी न्हाई बाबा. आमी अशाच ऱ्हाताव."

"आमी?" तिला इथे येऊन तीन दिवस झाले होते. त्याने जवळच्या पोरीच्या कानावरचे केस बाजूला केले. डाव्या कानाला दोन काप होते. ताजे नव्हते. केव्हाच भरून आलेले, कातडीच्या रंगाचे. दुसरीच्याही कानाला तेच. चांगुणाच्या कानावर केसांची बट आली होती. त्याने हात पुढे केला, आणि ती बट त्याने उचलली नाही.

"बाकीच्यांनो, घरी जा गं. घरात मधी बसा. भिंतीला टेकू नका," तो ओरडला. पोरी पांगल्या. त्याने लेकीला उचलून आत आणलं, शोभाबाईला चुलीपासून ओढलं.

"अवं काय करायलाव हे? दूध उतू जायलंय!"

"जाऊ दे. हितं बस. मधी."

त्याने खोली पावलांनी मोजली. या भिंतीपासून सात, त्या भिंतीपासून सात. बरोबर मधोमध दोघींना बसवलं, आपण त्यांच्या अंगावर वाकून बसला आणि चारही बाजूंनी हातपाय आत घेतले. लेकीचा एक पाय बाहेर राहिला होता. चुलीवरचं दूध उतू जाऊन निखाऱ्यावर चरचरलं आणि विझलं. मग घरात काहीच आवाज नव्हता, गल्लीतही नव्हता, आणि त्या शांततेत वर, खूप वर, काहीतरी घसरायला लागलं. सर्रर्र.

"पाय आत घे, बाळा," नरसिंग म्हणाला. "कडेला ठेवू नकोस."